पाल्यावरचा चहा

त्यांची पहिली भेट झाली तेव्हा दोघांपैकी एकजण आडवं होतं.

झालं असं, की दुपारच्या सुट्टीत ती मावशीसाठी डोकेदुखीचा बाम आणायला गेली आणि दुकानात उशीर झाला. शर्टांच्या कारखान्यातले मास्तर घड्याळाकडे बघत दारातच उभे असणार, म्हणून तिनं दवाखान्याच्या मागच्या अंगणातून आडवाट धरली. अंगण कसलं, दोन भिंती आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये उरलेली चिंचोळी जागा. पण तिथे कुणीतरी इतकं हिरवं पिकवून ठेवलं होतं, की क्षणभर तिच्या डोळ्यांना ते झेपलंच नाही. बांधावरून चालता चालता ते हिरवं पिवळं झालं, पिवळ्याचं काळं झालं, आणि तिनं आधाराला म्हणून वेलाचा मांडव धरला. मणभर शेंगांचं ओझं हसत पेललेला तो मांडव, ओल्या शर्टाइतकंही वजन नसलेली ही पोर मात्र त्याला पेलली नाही. मांडव, वेल आणि ती, तिघं मिळून लाल माठाच्या वाफ्यात झोपले.

डोळे उघडले तेव्हा कपाळावर पाण्याचे थेंब पडत होते. वर एक झारी, झारीच्या वर एक चेहरा... आणि तो चेहरा तिच्याकडे बघतच नव्हता.

"हलू नका," तो म्हणाला.

किती काळजी, असं तिला वाटलं.

"डावीकडे वळलात तर चवळी जाईल."

"आणि मी?" तिनं पडल्या पडल्या विचारलं.

तेव्हा कुठे त्यानं तिच्याकडे पाहिलं. पाहिलं, आणि झारी खाली ठेवली. नुकत्याच मोडलेल्या माठासाठी त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या, त्या एकेक करून निघून गेल्या. पाणी न मिळालेलं रोप माणूस जसं हातात घेतो, तसा त्यानं तिला हात दिला. त्याच्या अंगठ्याला हिरवा डाग होता. घासूनही न जाणारा, मुरलेला. कारखान्यात परत गेल्यावर तिला त्या दुपारचं बाकी काही धड आठवेना, डाग मात्र आठवत राहिला.

त्याआधी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखं दाबून पाहिली, बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि चष्म्यावरून विचारलं, की सकाळी काय खातेस. ती म्हणाली, चहा-पाव. दुपारी? चहा-पाव. रात्री? रात्री पाव-चहा.

"बदल म्हणून का?" बाई म्हणाल्या. "तू जेवत नाहीस, बाई. जेवणाला हूल देतेस."

रक्त नवाच्या जरा वर होतं. बारा हवं होतं. कारण साधंच होतं. ही आणि मावशी दोघीच एका खोलीत, मावशीला चुलीपाशी उभं राहण्याचा कंटाळा आणि हिला वेळ नाही. वर्षानुवर्षं पोट भरलं, अंग उपाशी राहिलं.

आता त्या दवाखान्याची एक रीत होती. ज्यांचं रक्त अगदी तळाला गेलंय त्यांना गोळ्या आणि इंजेक्शनं. पण ज्यांचं रक्त नुसत्या अबर-चबर खाण्यानं सुकलंय, त्यांनी रोज दुपारी मागच्या अंगणात यायचं, आणि मूठभर डाळीत शिजवलेला वाटीभर पाला तिथंच बाकावर बसून खायचा. घरी न्यायचा नाही, कारण घरी नेलेली वाटी बायका दुसऱ्यालाच खाऊ घालतात. दर महिन्याला रक्त बघायचं. बाराच्या वर गेलं की वाटी बंद, आता घरी शिजवा आणि सुखानं राहा. पेरायचा तो झारीवाला माळीच, खुडायचा तोच, शिजवायचा तोच आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाढायचाही तोच. बायका त्याला पालेबुवा म्हणत. बुवा म्हणण्याइतकं वय नव्हतं त्याचं, पण बोलणं कमी आणि नजर जमिनीकडे, म्हणून ते नाव चिकटलं.

नावं ठेवण्यात कारखानाही मागे नव्हता. रंगानं पांढरीफटक आणि अंगानं सरळसोट, म्हणून तिथे तिला मेणबत्ती म्हणत. दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी पाला खायला निघाली की शिवणयंत्रांच्या रांगेतून आवाज यायचा, की शेळी निघाली चरायला. सगळ्यात मोठा आवाज काजवालीचा. ही काजवाली शर्टाची काजं करायची, तोंड तिचं हातापेक्षा दुप्पट वेगानं चालायचं आणि मन मात्र मऊ होतं. तिची जागा दवाखान्याच्या अंगणावर उघडणाऱ्या खिडकीपाशी होती. मेणबत्ती कॉलरच्या रांगेत, तोंड भिंतीकडे. ही गोष्ट आधी कधी तिच्या लक्षातही आली नव्हती.

आठवडाभर तिनं मुकाट्यानं पाला खाल्ला. मग एक दिवस वाटी घेताना विचारलं, "आज काय आहे?"

"पाला."

"काल काय होतं?"

"पाला."

"आणि उद्या?"

त्यानं थोडा विचार केला. "उद्याचं उद्या बघू," तो म्हणाला, "पण... पालाच असेल." आणि तो हसला. अर्ध्याच ओठानं, जणू उरलेलं हसू दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं असावं.

त्या अर्ध्या हसण्यानं पुढचं सगळं केलं.

हळूहळू तो बोलायला लागला. पाल्याबद्दलच, पण बोलायला लागला. लाल माठ रागीट, जास्त शिजवला की तोंड पाडतो. चवळीचा कोवळा पाला लाजाळू, हात लावताच मऊ होतो. बीटाची पानं नुसती मिरवणारी, जिथे जातील तिथे आपला रंग सांडतात. वाटीवर लिंबू पिळताना तो सांगायचा, की आंबट असलं म्हणजे पाल्यातलं लोह अंगाला नीट लागतं. आणि खाल्ल्यावर तासभर चहा नाही. चहा पोटात गेला, की लोह तिथंच अडकतं, रक्तापर्यंत पोचतच नाही. हे तो प्रत्येकीला सांगायचा. तिला मात्र दोनदा सांगायचा, असं निदान तिला वाटायचं.

एकदा त्यानं विचारलं, की कारखान्यात तुम्ही काय करता. ती म्हणाली, कॉलर शिवते. नुसती कॉलर. बाकी शर्ट मला माहीतही नसतो.

"म्हणजे लोकांच्या माना ताठ ठेवायचं काम तुमचं," तो म्हणाला.

एवढंच. पण त्या दुपारी तिनं कॉलरी उलट्या बाजूनं जोडल्या, आणि मास्तरांनी गठ्ठा उघडून पाहिला तेव्हा त्यांना आधी वाटलं आपल्याच चष्म्याचा नंबर वाढला.

महिना झाला. रक्त चढलं होतं, भराभर चढलं होतं. जिना चढताना आता दोनदा बसावं लागत नव्हतं. डॉक्टरीणबाई खूश, मावशी खूश. त्याच दिवशी तिच्या शेजारी बाकावर बसणाऱ्या इस्त्रीवालीचं रक्त बाराच्या पलीकडे गेलं. इस्त्रीवालीनं सगळ्यांना मिठ्या मारल्या, आपली वाटी घासूनपुसून खिडकीत ठेवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी.

"त्या आता येणार नाहीत?" मेणबत्तीनं खिडकीपाशी विचारलं.

"कशाला येतील? बऱ्या झाल्या की." त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"मग... आठवण येत असेल."

"कुणाची? पाल्याची?"

"हो," ती वाटीत बघत म्हणाली. "पाल्याचीच."

त्या दुपारी कारखान्याकडे जाताना तिचे पाय कोपऱ्यावरच्या टपरीपाशी थांबले. टपरीवाल्याचा चहा असा कडक, की त्यात चमचा उभा केला तर सलाम ठोकून उभाच राहील. तिनं एक कप घेतला. एकच. वाटलं, जरा सावकाश बरं झालं तर कुणाचं काय बिघडतं? चढणारच आहे रक्त, चढू दे रमतगमत. दुसऱ्या दिवशीही तेच वाटलं. तिसऱ्या दिवशी टपरीवाल्यानं न विचारता कप पुढे केला.

पुढच्या तपासणीत रक्त होतं तिथंच होतं. त्याच्या पुढच्या तपासणीत थोडं उतरलेलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं उलटंपालटं करून विचारलं. जंत? नाहीत. पोट दुखतं? नाही. दुसरं काही खाते-पिते? तिनं मान हलवली, आणि ती मान हलवताना पहिल्यांदा तिला स्वतःचा राग आला. छातीत धडधडतं का? हो. केव्हा? जिना चढताना. आणखी केव्हा?

"वाटी घेताना," तिच्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि त्याबद्दल पुढे काही विचारलं नाही.

पालेबुवा मात्र हादरला. बाकावरच्या सगळ्याजणी गाजरासारख्या लाल होत चालल्या होत्या आणि ही एकटीच पांढरी. त्यानं पाला बदलला. आंबट चुका दिला. मग कुणीतरी सांगितलं म्हणून शेवग्याचा पाला काढायला झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. चार दिवस लंगडत वाढत होता. लिंबू आधी फोडभर पिळायचा, आता अर्धं पिळायला लागला. तेवढंच नाही, तो खिडकी सोडून बाहेर यायचा, बाकाच्या टोकाला बसायचा, ती शेवटचा घास खाईपर्यंत बसून राहायचा. तिचं रक्त जितकं खाली, तितका तो जवळ. आता सांगा, असा हिशेब दिसत असताना कुणाला शहाणपण सुचेल?

कारखान्यात ती काजवालीला विचारायची, की दिसतोय का गं. काजवाली दातात दोरा धरून खिडकीतून खाली बघायची आणि बातम्या द्यायची. आता झारी भरली. आता डोकं खाजवलं. आता एका पानाशी बोलतोय, आणि अगं, पान काही उत्तर देत नाहीये. मेणबत्ती भिंतीकडे तोंड करून ऐकायची आणि समोरच्या ओल धरलेल्या भिंतीवर तिला सगळं दिसायचं, हिरव्या अंगठ्यासकट.

"सांगून टाक की त्याला," काजवाली म्हणाली.

"काय सांगू?"

"ते मी सांगू होय? मग लग्नही मीच करते."

पण सांगणार कसं? तो जे काही करत होता ते रोग्यासाठी करत होता. इस्त्रीवालीसाठीही त्यानं लिंबू पिळलंच होतं. इस्त्रीवाली गेली तेव्हा तो हसलाच होता. वाटी आहे तोवर ती त्याची कुणीतरी होती. वाटी गेली की रस्त्यातली एक बाई. ती रात्री हात छातीवर ठेवून झोपायची, धडधड ऐकायची, आणि ही रक्ताची की त्याची हे तिला काही केल्या उमगायचं नाही.

मग भोपळ्याच्या पानांचा दिवस आला. कोवळी पानं, शिरा सोलून, बारीक चिरून. आकाश सकाळपासून गळत होतं, बाकावर बाकी कुणी नव्हतं, छपराच्या कडेनं पाण्याचे धागे लोंबत होते. त्यानं वाटी दिली आणि नेहमीसारखं शेजारी न बसता खांबाला टेकून उभा राहिला.

"हा शेवटचा पाला," तो म्हणाला. "माझ्याकडे आणखी काही नाही. याच्यानं नाही झालं तर... मी महिनाअखेर बहिणीकडे जातोय. तिच्या गावाला रोपवाटिकेत माणूस हवाय. इथे दुसरा कुणी चांगला येईल."

"का?" तिच्या हातातला घास हातातच राहिला.

"ज्या माळ्याच्या हातचं एका माणसाला लागत नाही, त्यानं कशाला इथं राहायचं?"

आणखीही काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं, आणि आत निघून गेला.

त्या दिवशी टपरीवाल्यानं पुढे केलेला कप तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीही. दुपारचा चहा सुटला तशी तिनं सकाळचा आणि रात्रीचाही सोडला, आणि त्याच्या जागी दोन वेळा चूल पेटवली. मावशीला हे सहन होईना. चहा न पिणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही, असं ती भिंतीला ऐकवायची, आणि मग ताटात वाढलेलं सगळं संपवायची. रक्तानं जणू इतके दिवस दाराबाहेर ताटकळत वाट पाहिली होती. दार उघडल्याबरोबर ते असं आत घुसलं, की तिचे गाल लाल झाले, नखं गुलाबी झाली, आणि काजवालीच्या म्हणण्याप्रमाणे तर तिच्या बोटाला सुई टोचली तेव्हा सुईच मागे सरली. महिनाअखेरच्या तपासणीत थोडं कमी पडलं, पण पालेबुवानं बहिणीला निरोप धाडला की आत्ताच येत नाही. पुढच्या तपासणीत तिनं बारा ओलांडले.

तिला ठाऊक होतं. ओलांडणार हे ती रोज आरशात बघत होती, आणि रोज एका घासानं त्याच्यापासून लांब जात होती.

तिनं वाटी घासली, पुसली, खिडकीत ठेवली. तो हसला. या वेळी पूर्ण हसला, दोन्ही ओठांनी, आणि तिला ते अर्धंच बरं होतं असं वाटलं.

"भोपळ्यानं केलं," तो म्हणाला. "एवढे दिवस माझ्या वाफ्यातच होतं, आणि मला दिसलं नाही."

तिनं मान डोलावली. जाते म्हणाली. तो या म्हणाला, मग म्हणजे... यायची गरज नाही म्हणा, असंही म्हणाला. एवढ्यावर सगळं संपलं.

संपलं असतं, पण दोन दिवसांनी काजवाली खिडकीतून बघता बघता एकदम उभी राहिली. "अगं, तुझा बुवा बिघडला. कुदळ घेऊन बाग उपटतोय."

मेणबत्ती पहिल्यांदाच आपली जागा सोडून खिडकीपाशी गेली. खाली चवळीचा अर्धा वाफा उखडलेला होता. काजवालीला सगळी खबर होती. पालेबुवानं म्हणे ठरवलंय, की यापुढे बागेत फक्त भोपळा. माठ नको, चवळी नको, चुका नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकीच्या रक्तावर अख्खी बाग ओवाळून टाकतोस? एकीवरून काही सिद्ध होत नसतं. तर हा म्हणाला, मी डोळ्यांनी पाहिलंय. बाईंनी पुष्कळ समजावलं, पण ज्याला काल-परवापर्यंत वर मान करून बोलता येत नव्हतं तो आता ऐकेना.

ती बघत राहिली. शेतीतलं तिला काही कळत नव्हतं, पण त्यानंच एकदा सांगितलं होतं, की थंडी पडली की भोपळ्याचा वेल मान टाकतो. थंडी तोंडावर आली होती. म्हणजे महिन्या-दोन महिन्यांत बाकावर बसलेल्या सगळ्या बायकांच्या वाट्या रिकाम्या. तिच्या एका खोट्यापायी. आणि खरं सांगायचं, तर कारणही सांगावं लागणार.

ती मास्तरांना न विचारताच जिना उतरली.

तो माठाच्या वाफ्यापाशी पोचला होता. ती सरळ जाऊन वाफ्यात उभी राहिली, कुदळीच्या पुढ्यात.

"भोपळ्यानं नाही झालं," ती म्हणाली. "मी चहा सोडला म्हणून झालं."

त्याला कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. पहिल्या महिन्यानंतर रोज इथून निघून टपरीवर जायची. कडक घ्यायची. तुम्ही जाणार म्हणालात त्या दिवशी बंद केला. माठही चांगला होता, चवळीही चांगली होती, तुमचा हात तर... तुमच्या हाताला काहीच झालेलं नव्हतं.

तो बांधावर बसला.

"मी रोज लिंबू पिळायचो," तो सावकाश म्हणाला, "आणि तुम्ही रोज त्यावर चहा."

"हो."

"मी झाडावरून पडलो."

"माहितीय."

"का पण?"

तिनं इकडे तिकडे पाहिलं. मदतीला कुणी नव्हतं, एक मांडव होता आणि त्याच्यावर तिचा भरवसा नव्हता. "बारा झाले की वाटी बंद होते," ती म्हणाली. "वाटी बंद झाली की... खिडकी बंद होते. मला खिडकी हवी होती."

तो उठला, कुदळ भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "डॉक्टरीणबाईंना सांगा. त्यांना खरं कळलं पाहिजे." आणि उखडलेल्या चवळीतली जी रोपं वाचतील ती निवडायला बसला. तिच्याकडे पाठ करून.

बाईंनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, रक्त न वाढायची पुष्कळ कारणं मी शिकले, हे त्यात नव्हतं. मग रागावल्या, चांगल्याच रागावल्या, जीवाशी खेळ म्हणतात तो हाच म्हणाल्या. आणि ती दारापर्यंत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "प्रेमाला रक्त लागतं, बाई. नवावर करण्यासारखं काम नाही ते."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आधी ती इतकी थकलेली असायची, की दुःख करायलाही जोर नसायचा. आता अंगात रक्त होतं, त्यामुळे रडूसुद्धा दणकून यायचं. भूक लागायची, झोप लागायची, जिना उड्या मारत चढता यायचा, आणि यातलं एकही सुख ज्याला दाखवावं तो पाठमोरा. दवाखान्यावरून जायची वाट तिनं बदलली. काजवालीला ती काही विचारत नसे, तरी काजवाली सांगायचीच. चवळी पुन्हा लावली. आज कुणाशी बोलला नाही. आज झारी हातात धरून नुसता उभा आहे, पाणी जमिनीत जातंय, रोपं तशीच. मावशीनंही काय ते ओळखलं असावं. एका संध्याकाळी तिनं आपल्या हातानं तांदूळ निवडले, जे तिनं कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

आणि मग एका दुपारी काजवालीनं यंत्राच्या पायपट्टीवरचा पाय काढला.

"इकडे येतोय."

"कोण?"

"अगं, बागेबाहेर आला. रस्ता ओलांडला. बाई गं, जिना..."

जिन्यावर पावलं वाजली आणि तो दारात उभा राहिला. पायांना माती, हात रिकामे. पंखे, यंत्रं, कापडाचे ढीग, एवढ्या बायका, हे सगळं बघून तो क्षणभर परत फिरतो की काय असं वाटलं. मास्तर काय हवंय विचारायला पुढे झाले, तर काजवालीनं त्यांचा शर्ट मागून धरला.

तो कॉलरच्या रांगेपाशी आला. ती उठून उभी राहिली, कारण बसून काय करावं ते तिला सुचेना.

"मलाही एक सांगायचंय," तो म्हणाला. "तुमचं रक्त वाढलं नाही असं कळलं, की मला आधी बरं वाटायचं. मग लाज वाटायची. आपल्या रोपावर आपणच कीड पाळावी तसं वाटायचं. बहिणीकडे निघालो होतो ते पाला लागला नाही म्हणून नाही. या लाजेपायी."

यंत्रं एकेक करून थांबत गेली.

"मग त्या दिवशी पाठ का फिरवलीत?" तिनं विचारलं.

"तोंड बघितलं असतंत तर मी रागावलेलो नाही हे कळलं असतं तुम्हाला. आणि मला थोडं रागवायचं होतं... तेवढा हक्क होता माझा."

"होता," ती म्हणाली.

"वाटी माझ्या हातात होती तोवर मी विचारणं बरं नव्हतं. तुम्हाला नाही म्हणता आलं नसतं. आता तुम्ही बऱ्या आहात. आता नाही म्हणता येईल."

"विचारा तर."

त्यानं विचारलं. इतक्या हळू विचारलं, की सगळ्या कारखान्यानं श्वास धरूनही कुणाला ऐकू गेलं नाही, आणि काजवालीला याचं दुःख जन्मभर पुरलं. तिचं उत्तर मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

"हो. पण लगेच नाही. तुम्ही इतके दिवस रागावलात. आता चार दिवस मी रागावणार."

"चार?" त्याचा चेहरा उतरला.

"जास्त होतात?"

"होतात."

"बरं, दोन."

तो नुसता उभा राहिला आणि तिच्याकडे बघत राहिला. जमिनीकडे नाही, तिच्याकडे. तिच्या गालांवर रक्त चढलं, सगळ्यांच्या देखत चढलं, कुठल्याही थेंबाची तपासणी न करता दिसावं इतकं.

"संध्याकाळपर्यंत," ती म्हणाली. "त्याच्या आत एक मिनिट नाही."

तो खाली जाऊन रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला. ती वर बसून शिवू लागली. आणि त्या दिवशी संध्याकाळ व्हायला जेवढा वेळ लागला, तेवढा त्या शहरात आजवर कुठल्याच संध्याकाळीला लागलेला नाही. कोंबड्या दोनदा झोपून दोनदा उठल्या, दिवे लावणारे कंटाळून घरी गेले, आणि सूर्य पाण्याच्या टाकीमागे अडकून पडला होता, आपण स्वतः डोळ्यांनी पाहिला, असं काजवाली अजून शपथेवर सांगते.